एक टेबल, तीन इयत्ता: वेगवेगळ्या वयाच्या मुलांना घरी एकत्र शिकवण्याचा क्रम

घरी शिकवायला सुरुवात करणारे बहुतेक पालक पहिल्या आठवड्यात एकच चूक करतात. शाळेचं वेळापत्रक घेतात आणि जितकी मुलं तितक्या वेळा उतरवून काढतात. तीन मुलं, प्रत्येकाचे पाच विषय, म्हणजे रोजचे पंधरा तास. एक तास अर्ध्या तासाचा धरला तरी शिकवणाऱ्या माणसाचे साडेसात तास झाले, तेही पाणी प्यायला न उठता. तिसऱ्या दिवशी आवाज चढतो, दहाव्या दिवशी वाटायला लागतं की हे आपल्याच्यानं होणार नाही.

मुलांकडे वेळ भरपूर असतो. कमी पडतं ते शिकवणाऱ्याचं लक्ष, कारण ते एका वेळी एकाच मुलाला देता येतं. म्हणून आखणी त्या लक्षाची करायची. खालचा सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे. उदाहरणाला माझीच मुलं घेते: थोरली १२ वर्षांची, मधला ८ वर्षांचा, धाकटी ४ वर्षांची. तुमच्याकडे दोन असोत की चार, क्रम बदलत नाही.

त्याआधी एक काम: तुम्ही राहता तिथला नियम वाचून घ्या. काही देशांत नुसती नोंदणी पुरते, काही ठिकाणी दरवर्षी परीक्षा किंवा तपासणी असते, आणि जर्मनीसारख्या देशात सर्वसाधारणपणे परवानगीच मिळत नाही. मूल शाळेत जात असेल तर नाव काढण्याआधी सगळे दाखले आणि प्रगतिपुस्तकं हातात घ्या. नंतर हेलपाटे पडतात.

१. पहिले दहा दिवस शिकवू नका, मोजा

ही पायरी गाळली की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. प्रत्येक मुलासाठी एक कागद करा आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा.

वाचन. साधारण शंभर शब्दांचं एक पान मुलाला मोठ्याने वाचायला द्या. पाचपेक्षा जास्त शब्दांना अडखळलं तर ते पुस्तक एकट्याने वाचण्याचं नाही, तुमच्यासोबत वाचण्याचं आहे. त्याहून सोपं शोधा. मूल वाचायला लागलेलं नसेल तर कोणती अक्षरं न चुकता ओळखतं तेवढंच लिहा.

गणित. इयत्ता विसरा. मुलाला जमायला हवं असं तुम्हाला वाटतं, त्या पातळीची तीन गणितं द्या. तिन्ही मदतीशिवाय बरोबर आली नाहीत तर एक पायरी खाली उतरा, पुन्हा तीन द्या. तिन्ही बरोबर येतात तिथून सुरुवात. मधला तिसरीचं पुस्तक उघडून बसायचा, पण हातच्याच्या वजाबाकीत दुसरीतच अडकला होता. पुस्तकाच्या वेष्टनावरच्या आकड्याला ते कुठून कळणार?

एकट्याचा वेळ. माझ्या मते तिन्हीत महत्त्वाचं हेच, आणि हेच कोणी मोजत नाही. मुलाला येत असलेलं काम द्या, घड्याळाकडे बघा आणि पहिली ‘आई’ किंवा ‘बाबा’ अशी हाक किती मिनिटांनी येते ते लिहा. असं तीन दिवस करा. तिन्ही आकड्यांची सरासरी काढू नका, सगळ्यात लहान आकडा धरा. आमच्याकडे थोरलीचे ४० निघाले, मधल्याचे १२, धाकटीचे ७. मधल्याचे वीस तरी असतील अशी माझी पक्की समजूत होती. त्याच्या बाबतीत मोडलेलं प्रत्येक वेळापत्रक या आठ मिनिटांनी मोडलं होतं.

तपासा: प्रत्येक मुलाच्या कागदावर तिन्ही नोंदी आहेत? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. विषयांचे दोन ढीग करा

काही विषय शिडीसारखे असतात. खालची पायरी निसटली की वर पाय ठेवता येत नाही. गणित, वाचायला शिकणं, लेखन, व्याकरण, नवी भाषा हे शिडीचे विषय. ते प्रत्येकाला वेगळे आणि ज्याच्या त्याच्या पायरीवरूनच शिकवावे लागतात.

बाकीचे विषय अंगणासारखे, कुठूनही आत शिरता येतं. इतिहास, भूगोल, निसर्ग, विज्ञान, चित्रं, संगीत, मोठ्याने वाचलेली गोष्ट. चार वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल एकाच अंगणात खेळू शकतं, फक्त खेळ वेगळा असतो. हे विषय सगळ्यांना एकत्र.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. कोणी उत्साहात गणितही एकत्र घेतं. मग मोठ्याला कंटाळा येतो, लहान नुसतं मान डोलावतं आणि आपल्याला वाटतं की कळलं. उलट कोणी भूगोलसुद्धा तीन पुस्तकांतून तीनदा शिकवतं आणि स्वतःच दमून जातं.

सावधान: तेरा-चौदा वर्षांच्या पुढे विज्ञानाचा मोठा भाग शिडीवर चढतो. रासायनिक समीकरणं, बीजगणित लागणारं भौतिकशास्त्र हे एकत्र तासात शिकवून भागत नाही. त्या वयाचं मूल घरात असेल तर त्याला विज्ञानाचा वेगळा वेळ आजच राखून ठेवा.

३. आदल्या रात्रीची पंधरा मिनिटं

सकाळी शोधाशोध करायची नाही, एवढाच याचा हेतू. प्रत्येक मुलाचा एक खोका. त्यात उद्याच्या कामाची पानं खुणा घालून, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी. वरती एक चिठ्ठी: उद्याची कामं, करायच्या क्रमाने. वाचता न येणाऱ्या मुलाला चिठ्ठीवर चित्र काढून द्या.

धाकट्याचा खोका मात्र निराळा. त्यातल्या वस्तू बाकी दिवसभर हाताला लागता कामा नयेत, नाहीतर त्यांची नवलाई दोन दिवसांत संपते. दोऱ्यात ओवायचे मोठे मणी, ठोकळे, बोथट कात्री आणि रद्दी कागद असले तरी पुरे. दोन-तीन खोके करून आठवड्याला फिरते ठेवा. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर तोंडात जाईल असं बारीक काही नको, आणि कात्री तुमच्या नजरेसमोरच.

टोक करायला उठलेलं मूल दहा मिनिटं परत येत नाही. म्हणून पेन्सिली दोन.

४. वेळापत्रक: आधी स्वतःचा रकाना भरा

कागदावर उभे रकाने आखा: पहिला तुमचा, मग प्रत्येक मुलाचा. तुमचा रकाना भरून झाल्याशिवाय मुलांच्या रकान्याला हात लावू नका. नियम एकच. एका आडव्या ओळीत ‘नवीन’ फक्त एकालाच शिकवायचं. बाकीच्यांकडे त्या वेळी सराव, वाचन किंवा खेळ असेल, म्हणजे ज्यात त्यांना तुमची गरज नाही असं काही.

क्रम धाकट्यापासून. बहुतेक घरांत उलटं चालतं. थोरलीची परीक्षा जवळ असते म्हणून आधी थोरली, आणि त्या वेळात धाकटी कोणाच्या तरी वहीवर रेघोट्या मारत असते. लहान मुलाला सुरुवातीलाच पंधरा मिनिटं पूर्ण लक्ष मिळालं की ते पुढचा वेळ बऱ्यापैकी सुखाने काढतं. मोठ्या मुलाला वाट बघता येते, लहानाला येत नाही.

आमची सकाळ साधारण अशी:

८:३० ते ८:५०: सगळे एकत्र. मी मोठ्याने वाचते, धाकटीच्या हातात ठोकळे.
८:५० ते ९:०५: धाकटी माझ्याजवळ. मधला कालच्याच पद्धतीची गणितं सोडवतो, बारा मिनिटांची. उरलेली तीन मिनिटं त्याची चित्रांची. थोरली स्वतःचं वाचते.
९:०५ ते ९:३०: मधला माझ्याजवळ, आधी नवीन गणित, मग वाचन. धाकटी सात मिनिटं तिच्या खोक्यात. तेवढ्यात थोरली वाचलेल्याचे मुद्दे लिहून काढते आणि मग धाकटीला खेळायला घेते.
९:३० ते ९:५०: सुट्टी, सगळे घराबाहेर.
९:५० ते १०:२०: थोरली माझ्याजवळ. मधला आणि धाकटी एकत्र खेळतात.
१०:२० ते ११:००: पुन्हा सगळे एकत्र, अंगणाचा विषय.

अडीच तासांत सकाळ संपते. थोरली दुपारी आणखी तासभर एकटी बसते, कारण तिच्या वयाला अडीच तास पुरत नाहीत. मधल्याला पुरतात. ‘शाळा सहा तास असते आणि आपण अडीचच?’ हा प्रश्न मलाही पडायचा. पण शाळेत चाळीस जणांत एकाच्या वाट्याला जे लक्ष येतं, त्याच्या कितीतरी पट या पंचवीस मिनिटांत मिळतं.

घड्याळाला जखडून घेऊ नका. साडेआठचे नऊ झाले तरी चालेल, क्रम मोडू नका. आणि आठवड्याचे चारच दिवस आखा. पाचवा दिवस मोकळा ठेवा, राहिलेलं सगळं तिथे जातं. पाचही दिवस भरले की एक ताप, एक पाहुणा आणि आठवडा कोसळला.

तपासा: प्रत्येक आडव्या ओळीवर बोट ठेवा. ‘माझ्याजवळ’ दोनदा आलं का? कोणाला त्याच्या एकट्याच्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकट्याने अभ्यास दिला का? (आवडता खेळ या हिशेबात धरायचा नाही.) आलं असेल तर आजच दुरुस्त करा, सकाळी ते भांडण होऊनच बाहेर येतं.

५. एकत्र तास: सुरुवात एक, काम वेगळं, शेवट एक

एकत्र शिकवणं म्हणजे सगळ्यांना एकच व्याख्यान देणं नव्हे. तासाचे तीन भाग करा. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून काहीतरी पाहायचं. मग वीस मिनिटं प्रत्येकाचं वेगळं काम. शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाने सांगायचं.

सावलीचा विषय घ्या. मोकळ्या जागेत एक काठी सरळ उभी रोवा, जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी. काठी जमिनीला लंब असायला हवी, तेवढं आधी तपासा. सूर्याकडे कोणीही बघायचं नाही, हेही आधीच सांगा. मग दर तासाला सावलीचं टोक गाठायचं. हे दोन मिनिटांचं काम असल्याने बाकी दिवसाच्या आड येत नाही.

धाकटी सावलीच्या टोकावर दगड ठेवते. सावली ‘पळते’ आणि दगड राहतो, एवढं तिला दिसलं की तिचा धडा झाला. मधला पट्टीने सावली मोजतो, सेंटिमीटरमध्ये, आणि वेळ व लांबी असा तक्ता भरतो. थोरली त्याच्या तक्त्यावरून आलेख काढते आणि मग झाडाची उंची शोधते: ज्या क्षणी काठीची सावली ६० सेंटिमीटर, त्याच क्षणी झाडाची ४.२ मीटर, तर ४.२ भागिले ०.६, म्हणजे झाड ७ मीटर. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायला हव्यात. ती पहिल्यांदा झाडाची सावली अर्ध्या तासाने मोजून आली आणि उत्तर काहीच्या काही निघालं. मी सांगितलं नाही, तिने शोधलं.

त्याच दिवशी मधल्याने तक्त्यातला एक आकडा खोडून बदलला. बाराची सावली सगळ्यात लहान यायला हवी असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, आणि मोजल्यावर एकची त्याहून लहान निघाली. ‘माझं चुकलं,’ म्हणाला. चुकलेलं काहीच नव्हतं. सावली सगळ्यात लहान असते ती सूर्य त्या जागेच्या माथ्याच्या रेषेवर येतो तेव्हा, आणि घड्याळात तेव्हा नेमके बारा वाजलेले असतीलच असं नाही, कारण आपलं घड्याळ आपल्या अंगणापुरतं नसतं, मोठ्या प्रदेशाला मिळून एकच वेळ लावलेली असते. ‘मोजलेलं खोडायचं नाही, शेजारी प्रश्नचिन्ह काढायचं,’ हा नियम त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर आहे.

शेवटच्या दहा मिनिटांत बोलायचा क्रम पाळा: आधी धाकटा, शेवटी थोरला. थोरल्याने आधी तोंड उघडलं की धाकट्यांसाठी काही उरतच नाही. ती ‘ताईने सांगितलं तेच’ म्हणून मोकळी होतात.

एक विषय तीन-चार आठवडे चालू द्या. रोज नवा विषय घेणाऱ्याची निम्मी शक्ती तयारीतच जाते.

६. अडवणूक आणि ‘ताई शिकवेल’

तुम्ही एकाजवळ बसलात की दुसरा अडतो, हे गृहीत धरा. अडल्यावर काय करायचं ते मुलांना आधी शिकवा, अगदी पाढे शिकवतो तसं, दोन-तीन दिवस लुटुपुटूचा सराव करून: प्रश्न पुन्हा मोठ्याने वाच, तरी नाही कळला तर गोल करून पुढचा घे, तेही नाही तर खोक्यातलं पुस्तक काढ. एकाजवळ बसताना टेबलावर लाल रुमाल ठेवा. तो असेपर्यंत बाकीच्यांनी हाक मारायची ती फक्त आणीबाणीत. आणीबाणी म्हणजे काय हेही ठरवावं लागतं. आमच्याकडे ‘पेन्सिल मेली’ अशी एक आणीबाणी येऊन गेली आहे.

तुमची बाजूही पाळा. रुमाल उचलला की आधी गोल केलेले प्रश्न. मूल वाट बघून दोनदा फसलं तर तिसऱ्यांदा बघत नाही.

आता थोरल्या मुलाला मास्तर करण्याविषयी. मोह होतोच, आणि थोडं चालतंही: गोष्ट वाचून दाखवणं, पाढे म्हणून घेणं, येत असलेल्याची उजळणी. पण दिवसाला पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको आणि नवीन काही त्यांच्याकडून शिकवायचं नाही. का ते सांगते. मधल्यासमोर ५२ वजा २७ होतं. त्याने लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायची त्याची सवय. थोरली वाकून म्हणाली, ‘पंचवीस रे, सोपंय.’ त्याने ३५ खोडून २५ लिहिलं, मला दाखवलं, मी बरोबरची खूण केली. पुढचं होतं ६४ वजा ३८. त्याने लिहिलं ३४.

उत्तर पोचलं होतं, चूक जागच्या जागी होती. मग दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या रबराने बांधल्या, दोन सुट्ट्या ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या सत्तावीस दे. त्याने दोन जुड्या लगेच दिल्या. सुट्ट्या दोनच काड्यांकडे बराच वेळ बघत बसला, आणि मग न सांगता एका जुडीचं रबर काढलं. हातचा त्याला तिथे भेटला. बारा वर्षांच्या मुलीने हे करावं अशी अपेक्षा ठेवणं तिच्यावरही अन्यायच.

तपासा: या आठवड्यात थोरल्याचं स्वतःचं काम धाकट्यांमुळे कितीदा अर्धवट राहिलं? दोनदापेक्षा जास्त असेल तर त्याची मदत निम्मी करा.

७. तपासणी त्याच दिवशी, उजळणी न बघता

वह्या साठवू नका. चूक त्याच दिवशी दाखवली तर दुरुस्त होते. आठवड्याने दाखवलेली चूक मुलाला स्वतःची वाटतही नाही. मोठ्या मुलांना उत्तरं देऊन स्वतः तपासायला लावा, पण चुकलेलं गणित त्यांनी तुमच्यासमोर पुन्हा सोडवायचं.

उजळणी म्हणजे धडा परत वाचणं, हा समज सोडा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने जास्त आठवलं ते पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना. म्हणून पुस्तक मिटवा आणि विचारा. दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना हे एकत्र करता येतं: प्रत्येकाने दुसऱ्याला एक प्रश्न विचारायचा. धाकटीचे प्रश्न सगळ्यात अवघड असतात.

मोकळ्या पाचव्या दिवशी प्रत्येक मुलाला वीस मिनिटं एकटं घ्या, दार लावून. काही शिकवायचं नाही. वही चाळा आणि या आठवड्यात कंटाळा कशाचा आला ते विचारा.

८. नोंद

रोज तीन ओळी: काय झालं, काय राहिलं, कोण कुठे अडलं. तारीख टाका. जिथे तपासणी होते तिथे हीच वही दाखवता येते.

९. दिवस मोडला तर काय सोडायचं

हे शांत असताना ठरवून भिंतीवर लावा, ऐन वेळी सुचत नाही. आधी चित्रं आणि हस्तकला सोडा, मग अंगणाचा विषय, मग व्याकरण आणि लेखन. शेवटपर्यंत धरून ठेवायचं ते प्रत्येकाचं गणित (दहा मिनिटं का होईना), प्रत्येकाचं वाचन आणि सगळ्यांना एकत्र वाचलेली गोष्ट. अगदीच वाईट दिवशी नुसती गोष्ट. सोडलेलं दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. पाचव्या दिवसात मावेल तेवढं घ्या, बाकीचं सुटलं.

सलग तीन दिवस मोडले तर वेळापत्रकाशी झटापट करू नका. पहिल्या पायरीवर जा आणि एकट्याची मिनिटं पुन्हा मोजा. दर सहा आठवड्यांनी तशीही मोजाच. मधल्याची बाराची अठरा झाली तेव्हा मला सकाळी सहा मिनिटं जास्त मिळाली, आणि ती मी थोरलीच्या बीजगणिताला दिली.